अमेरिकी मोटार कंपन्या, ग्राहकांची निष्ठा आणि गुणवत्तेची शंका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेली मराठी कुटुंबे, तिथे जुनी गाडी शोधणारे विद्यार्थी आणि भारतात शेव्हरोले किंवा फोर्ड वापरलेले वाचक यांच्या मनात काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. डेट्रॉईटच्या गाड्या खरोखर कमअस्सल आहेत का, आणि तसे असेल तर कोट्यवधी अमेरिकी कुटुंबे पिढ्यानपिढ्या त्याच का घेत आली, असे ते प्रश्न असतात. या पानाची भूमिका आधीच सांगितलेली बरी. ही निष्ठा कंपन्यांनी चांगल्या गाड्या बनवून मिळवली होती आणि पुढे त्यांच्याच व्यवस्थापनांनी ती गमावली. त्यामुळे आज गाडीची पारख बोधचिन्हावरून करू नये. मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचे वर्ष पाहूनच ती करावी.

अमेरिकी कंपनी नेमकी कोणाला म्हणायचे?

रूढ अर्थाने फोर्ड (स्थापना १९०३), जनरल मोटर्स म्हणजे जीएम (१९०८) आणि क्रायस्लर (१९२५) या डेट्रॉईट परिसरातल्या तीन कंपन्यांना. मात्र क्रायस्लर १९९८ मध्ये जर्मनीच्या डाइम्लरशी जोडली गेली, २००९ मध्ये फियाटच्या हाती गेली आणि २०२१ पासून ती नेदरलँड्समध्ये नोंदणी असलेल्या स्टेलांटिस समूहाचा भाग आहे. उलट टोयोटाची कॅमरी केंटकी राज्यातल्या जॉर्जटाउनला तयार होते, तर शेव्हरोलेची इक्विनॉक्स कित्येक वर्षे कॅनडा आणि मेक्सिकोतून येत राहिली. १९९२ च्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर एक पत्रक लावावे लागते. अमेरिका आणि कॅनडातल्या सुट्या भागांची टक्केवारी, जोडणीचे ठिकाण आणि इंजिन व गिअरबॉक्स कोणत्या देशातून आले, हे सारे त्यावर लिहिलेले असते. सतरा अक्षरांच्या वाहन-क्रमांकाची सुरुवात १, ४ किंवा ५ ने होत असेल तर जोडणी अमेरिकेत, २ ने होत असेल तर कॅनडात आणि ३ ने होत असेल तर मेक्सिकोत झालेली असते.

एवढी निष्ठा आली कुठून?

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जीएमचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी कंपनीत एक चढती शिडी रचली. तरुणपणी शेव्हरोले, पगार वाढला की पॉन्टियाक, मग ओल्ड्समोबील, ब्युइक आणि आयुष्यात बस्तान बसले की कॅडिलॅक अशी ती शिडी होती. ग्राहकाने आयुष्यभर एकाच कंपनीच्या छताखाली राहावे आणि प्रत्येक पायरीवर आपण पुढे गेलो असे त्याला वाटावे, हा त्यामागचा विचार. गाड्याही त्या तोडीच्या होत्या, आणि १९६० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या जीएमच्या असत.

याखेरीज एक सामाजिक बाजू होती आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या ती सहसा लक्षात येत नाही. मिशिगन, ओहायो आणि इंडियाना या राज्यांतल्या असंख्य घरांत कोणी ना कोणी या कारखान्यांत किंवा त्यांना भाग पुरवणाऱ्या उद्योगांत काम करत असे. कर्मचाऱ्यांना, निवृत्तांना आणि त्यांच्या नातलगांना सवलतीत गाडी मिळे. गावातला विक्रेता शाळेच्या संघाला गणवेश देई, आणि रविवारच्या शर्यतीत फोर्ड जिंकली की शेव्हरोले, यावरून भावाभावांत वाद होत. अशा ठिकाणी गाडी बदलणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देण्यासारखे वाटे. कामगार संघटनेच्या काही कार्यालयांच्या आवारात तर परदेशी गाड्या उभ्या करायलाच मनाई होती.

मग विश्वासाला तडा नेमका कधी गेला?

एका दिवसात गेला नाही. १९७० ते १९८५ या पंधरा वर्षांत ठिकठिकाणी तडे जात राहिले, आणि ते जवळून पाहिल्याशिवाय आजची शंका समजणार नाही.

जीएमची शेव्हरोले व्हेगा १९७१ चे मॉडेल म्हणून बाजारात आली आणि तिला सुरुवातीला पुरस्कारही मिळाले. तिच्या इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा होता आणि सिलिंडरला लोखंडी अस्तर नव्हते. इंजिन तापले की सिलिंडर खराब होत, तेल जळू लागे, आणि पुढची मडगार्ड इतक्या लवकर गंजत की कंपनीला ती बदलून द्यावी लागली. १९७६ मध्ये आलेल्या क्रायस्लरच्या अ‍ॅस्पेन आणि व्होलारे या जोडगोळीचीही गंजाने तीच गत झाली. १९७८ पासून जीएमने ओल्ड्समोबीलच्या पेट्रोल इंजिनाच्या रचनेवर बेतलेले डिझेल इंजिन विकायला काढले. डिझेलमध्ये दाब कितीतरी जास्त असतो, पण सिलिंडर हेडच्या बोल्टची मांडणी जुनीच ठेवली होती आणि इंधनातले पाणी वेगळे करणारे साधन बसवले नव्हते. परिणामी हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालची सांधपट्टी) फुटणे आणि इंधनपंप बिघडणे नित्याचे झाले. त्या इंजिनाने जीएमबरोबरच अमेरिकेतल्या डिझेल मोटारींची सगळी पत घालवली.

तांत्रिक दोषांहून अधिक खोल घाव एका वेगळ्याच गोष्टीने केला, असे मला वाटते. १९७७ मध्ये ओल्ड्समोबीलच्या काही ग्राहकांना कळले की आपल्या गाडीत ओल्ड्समोबीलचे नावाजलेले ‘रॉकेट’ इंजिन नसून शेव्हरोलेचे इंजिन बसवलेले आहे. ते इंजिन वाईट मुळीच नव्हते. पण ज्या वेगळेपणासाठी लोक वरच्या पायरीचे पैसे मोजत होते, ते वेगळेपणच उरले नसल्याचे उघड झाले आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. १९८२ च्या मॉडेलवर्षी शेव्हरोले कॅव्हेलियरच्या सांगाड्यावरच किरकोळ फेरफार करून ‘कॅडिलॅक सिमरॉन’ विकली गेली, तेव्हा स्लोन यांच्या शिडीचा पाया उखडला. ज्या ग्राहकाने तीस वर्षे विश्वास ठेवला होता, त्यालाच गृहीत धरले गेले.

याच काळात, १९७३ च्या तेलसंकटानंतर, कमी पेट्रोल पिणाऱ्या होंडा, टोयोटा आणि डॅटसन गाड्या लोकांनी नाइलाजाने घेतल्या आणि त्या बिघडत नाहीत हे त्यांच्या अनुभवाला आले.

दोष कामगारांचा होता का?

हे उत्तर अमेरिकेत बरीच वर्षे सहज दिले जाई. संघटना माजल्या आहेत, कामगार आळशी आहेत, असे म्हटले जाई. त्याला सर्वांत ठोस उत्तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्याने दिले आहे.

फ्रीमाँटचा जीएमचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याची ख्याती कंपनीतल्या सर्वांत वाईट कारखान्यांपैकी एक अशी होती. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे, तक्रारींचे ढीग साचलेले असत आणि सदोष गाड्या तशाच पुढे सरकत, कारण असेंब्ली लाइन थांबवणे हा जवळजवळ गुन्हा मानला जाई. १९८४ मध्ये जीएम आणि टोयोटा यांनी तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने भागीदारीत पुन्हा सुरू केला. संघटना तीच होती आणि सुरुवातीचे बहुतेक कामगारही जुनेच होते. त्यांच्या गटांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. परत आल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी होती. दोष दिसला की ती ओढायची, गटप्रमुख मदतीला येणार, आणि ठरलेल्या वेळात दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबणार. कामात सुधारणा सुचवणे हा कामगाराच्या कामाचाच भाग मानला गेला.

थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जपानमधल्या गाड्यांच्या जवळ पोहोचली. तीच माणसे वेगळ्या व्यवस्थापनाखाली उत्तम गाड्या बनवू शकत होती, याचा अर्थ आधीच्या वाईट गाड्यांची जबाबदारी कोणावर टाकायची हे उघड आहे. याहून खेदाची गोष्ट म्हणजे हा धडा जीएमने आपल्या इतर कारखान्यांत पोहोचवायला फार वर्षे लावली. मधल्या व्यवस्थापकांना आपला अधिकार सोडायचा नव्हता, आणि कित्येक ठिकाणी दोरी टांगली गेली तरी ती ओढणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. नुम्मी २०१० मध्ये बंद झाली. आज त्याच जागेवर टेस्लाचा कारखाना आहे.

गाडी तीच असली तरी बोधचिन्हामुळे किंमत बदलते का?

होय, आणि याचेही उदाहरण नुम्मीतलेच आहे. तिथे एकाच लाइनवर टोयोटा कोरोला आणि तिची जवळजवळ जुळी बहीण असलेली जीएमची जिओ प्रिझम (जी पुढे शेव्हरोले प्रिझम झाली) तयार होत. तरी कोरोला जास्त खपत असे आणि जुनी झाल्यावरही तिला अधिक भाव मिळे. वापरलेली गाडी घेणाऱ्या जाणकारांनी याचा वर्षानुवर्षे फायदा घेतला. २००३ ते २०१० या मॉडेलवर्षांतली पॉन्टियाक व्हाइब हीसुद्धा टोयोटा मॅट्रिक्सचीच जोडीदार होती.

सुरक्षेच्या बाबतीत कंपन्यांनी दोष लपवले, हे खरे आहे का?

दोन प्रकरणे इथे टाळता येत नाहीत. फोर्ड पिंटोची इंधनटाकी मागच्या आसापाठी अशा जागी होती की मागून धडक बसल्यास ती फुटून आग लागण्याचा धोका होता. १९७८ मध्ये कंपनीने पिंटो आणि तिची जोडीदार मर्क्युरी बॉबकॅट अशा सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दुसरे प्रकरण जीएमच्या इग्निशन स्विचचे. शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन यांसारख्या छोट्या गाड्यांत किल्ली धक्क्याने किंवा किल्ल्यांच्या जुडग्याच्या वजनाने फिरून इंजिन बंद पडे, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. कंपनीतल्या अभियंत्यांना याचा सुगावा सुमारे दहा वर्षे आधी लागला होता. मधल्या काळात स्विचची रचना बदलली, पण भागाचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे शोध घेणाऱ्यांची दिशाभूल होत राहिली. अखेर २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले आणि २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली. हा सुटा भाग अगदी स्वस्तातला होता. तो वेळीच बदलला असता तर ही माणसे वाचली असती, हे वाचताना आजही संताप येतो.

आयातीवर बंधने घालून कंपन्यांना सावरता आले नाही का?

१९८१ मध्ये जपानने अमेरिकेला होणारी मोटारींची निर्यात स्वतःहून वर्षाला १६.८ लाखांवर मर्यादित केली. संख्या बांधली गेल्यामुळे जपानी कंपन्यांनी महागड्या आणि अधिक सुसज्ज गाड्या पाठवायला सुरुवात केली, शिवाय अमेरिकेतच कारखाने उभारले. होंडा १९८२ मध्ये ओहायोत आणि निस्सान १९८३ मध्ये टेनेसीत गाड्या बनवू लागली. दशक संपेपर्यंत टोयोटाची आलिशान गाड्यांची शाखा लेक्ससही आली होती. संरक्षणाची ती वर्षे डेट्रॉईटने पुरेशी वापरली नाहीत.

देशी गाडी घेणे हे देशभक्तीचे लक्षण मानावे का?

आपल्या परिसरातला रोजगार टिकावा म्हणून कोणी गाडी निवडत असेल तर ती भावना आदराची आहे. पण तिचे द्वेषात रूपांतर कसे होते, हे डेट्रॉईटने पाहिले आहे. जून १९८२ मध्ये डेट्रॉईटलगतच्या हायलंड पार्क इथे व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोघांनी बॅटने मारहाण केली आणि चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. हल्लेखोरांपैकी एक क्रायस्लरमध्ये पर्यवेक्षक होता. मोटारउद्योगातल्या बेकारीचा राग जपानी समजून त्याच्यावर काढला गेला, असे साक्षीतून पुढे आले. हल्लेखोरांना राज्य न्यायालयाने तुरुंगवास न देता परिवीक्षा आणि ३,००० डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. आशियाई वंशाच्या अमेरिकनांची नागरी हक्कांची चळवळ या घटनेनंतर उभी राहिली. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ही घटना ठाऊक असावी.

अमेरिकी कंपन्यांनी चांगल्या गाड्या बनवल्याच नाहीत का?

असे म्हणणे सरळ अन्याय ठरेल. क्रायस्लरचे ‘स्लँट सिक्स’, फोर्डचे ४.९ लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे, जीपचे ४ लिटरचे आणि ब्युइकचे ३८०० व्ही-६ ही इंजिने टिकाऊपणासाठी नावाजली गेली. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया टॅक्सी आणि पोलिसांच्या कामात लाखो मैल धावली. १९८० च्या दशकाच्या आरंभी फोर्डने जपानला गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांना सल्लागार म्हणून बोलावले, आणि १९८६ च्या टॉरसने कंपनीला सावरले. जीएमने सॅटर्न ही नवी शाखा टेनेसीतल्या स्प्रिंग हिल इथे उभारली. घासाघीस न करता ठरलेली किंमत आणि ग्राहकाशी सौजन्याचे वागणे यांमुळे तिला इतके प्रेम मिळाले की १९९४ मध्ये कारखान्यात भरलेल्या मेळाव्याला हजारो मालक आपल्या गाड्या घेऊन आले. पुढे नवी मॉडेल आणायला कंपनीने हात आखडता घेतला, आणि २००९ च्या दिवाळखोरीनंतर सॅटर्न व पॉन्टियाक दोन्ही बंद झाल्या. अमेरिकी ग्राहक निष्ठा द्यायला अजूनही तयार होता, हे मात्र सॅटर्नने दाखवून दिले.

आजची स्थिती काय आहे?

अंतर खूप कमी झाले आहे, पण ते मिटलेले नाही. ब्युइक टिकाऊपणाच्या सर्वेक्षणांत अनेकदा वरच्या स्थानांवर असते. दुसरीकडे फोर्डने २०२५ मध्ये एका वर्षात सर्वाधिक वेळा गाड्या परत बोलावण्याचा विक्रम केला, आणि जीएमलाही ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनांसाठी त्याच वर्षी मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. परत बोलावण्याची संख्या म्हणजे गुणवत्तेचे थेट माप नव्हे, कारण सॉफ्टवेअरची किरकोळ दुरुस्तीही त्यातच मोजली जाते. सर्वेक्षणाचा मथळा वाचतानाही ते पहिल्या तीन महिन्यांतल्या तक्रारी मोजते की तीन वर्षांनंतरच्या, हे आधी पाहावे.

पिकअप ट्रकच्या बाबतीत निष्ठा अजून भक्कम आहे. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून सर्वाधिक खपणारा पिकअप आहे. १९६४ पासून आयात ट्रकवर असलेला २५ टक्के कर हे त्याचे एक कारण आहे, पण शेतकरी आणि कंत्राटदार यांचे काम त्यावर खरोखर भागते, हेही तितकेच खरे आहे.

जपानी आणि कोरियन गाड्या निर्दोष असतात का?

नाही. १९९९ ते २००४ च्या काही होंडा गाड्यांचे स्वयंचलित गिअरबॉक्स कुप्रसिद्ध होते, टोयोटा टॅकोमा या पिकअपच्या चौकटी गंजून कंपनीला काही गाड्या विकत परत घ्याव्या लागल्या, निस्सानच्या सीव्हीटी या पायऱ्यांविना बदलणाऱ्या स्वयंचलित गिअरबॉक्सबद्दल आणि ह्युंदाई-किआच्या ‘थीटा’ इंजिनांबद्दल असंख्य तक्रारी आल्या. टोयोटाने २०१४ मध्ये आपोआप वेग वाढण्याच्या प्रकरणात १.२ अब्ज डॉलर भरले.

वापरलेली अमेरिकी गाडी घेताना काय तपासावे?

गाडीचे नाव विचारण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स विचारावा. २०१२ ते २०१६ च्या फोर्ड फोकसमधला दुहेरी क्लचचा ‘पॉवरशिफ्ट’ गिअरबॉक्स टाळावा. त्यावरून अमेरिकेत मोठा सामूहिक दावा झाला. त्याच फोकसची हाताने गिअर बदलायची आवृत्ती मात्र समाधानकारक आहे. २००४ नंतरचे फोर्डचे ५.४ लिटर तीन व्हॉल्व्हचे इंजिन आणि काही सिलिंडर आपोआप बंद करणारी जीएमची व्ही-८ इंजिने यांची जाणत्या मेकॅनिककडून तपासणी करून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. मॉडेलचे पहिले वर्ष शक्यतो सोडून द्यावे.

अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या (एनएचटीएसए) संकेतस्थळावर वाहन-क्रमांक टाकला की राहिलेली परत-बोलावणी दिसतात. गाडी पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती दुरुस्ती मोफत मिळते. कंपनी विक्रेत्यांना पाठवते ती तांत्रिक परिपत्रके वेगळी असतात. त्यांतला दोष कंपनीला माहीत असतो, पण वॉरंटी संपल्यावर खर्च सहसा मालकालाच करावा लागतो. नवी गाडी वारंवार त्याच बिघाडासाठी परत न्यावी लागत असेल तर राज्याचा ‘लेमन लॉ’, म्हणजे सदोष नव्या गाडीच्या ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा, पाहावा. असा पहिला कायदा १९८२ मध्ये कनेटिकटमध्ये झाला आणि आता तो सर्व राज्यांत आहे. दर वेळी दुरुस्तीची लेखी पावती तारखेसह घ्यावी, कारण दावा त्या कागदांवरच उभा राहतो.

भारतातल्या शेव्हरोले आणि फोर्ड मालकांनी यातून काय समजावे?

महाराष्ट्राचा या कंपन्यांशी संबंध जुना आहे. जीएमने १९२८ मध्ये मुंबईत जोडणी कारखाना काढला होता, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात, आणि महिंद्रांच्या वाहननिर्मितीची सुरुवातही विलीज जीपपासून झाली. अलीकडच्या काळात पुण्याजवळ तळेगावला जीएमचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये उत्सर्जन चाचणीतल्या गैरप्रकारामुळे कंपनीला १.१४ लाख टवेरा परत बोलवाव्या लागल्या. २०१७ च्या अखेरीस तिने भारतातली विक्री थांबवली, २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. इथल्या मालकांची तक्रार गाडीच्या बांधणीपेक्षा कंपनीच्या निघून जाण्याबद्दल अधिक आहे, आणि ती रास्त आहे. जुनी फिगो, इकोस्पोर्ट किंवा बीट घेताना किंमत ठरवण्याआधी आपल्या शहरात अधिकृत सेवाकेंद्र उरले आहे का आणि क्लच, सस्पेन्शन व इलेक्ट्रॉनिक भाग किती दिवसांत मिळतात, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. इकोस्पोर्टच्या १.५ लिटर पेट्रोल स्वयंचलित आवृत्तीच्या सुरुवातीच्या वर्षांत दुहेरी क्लचचाच गिअरबॉक्स होता, त्यामुळे त्याऐवजी हाताने गिअर बदलायची गाडी पाहावी.